उपनगरात घर घेताना : वस्तीची निवड कशी करावी?

नोकरदार माणूस आयुष्यात बहुधा एकदाच घर विकत घेतो. भाजी घेताना चार ठिकाणी भाव विचारणारे आपण लोक घर मात्र पुष्कळदा एका रविवारी पाहतो, सजवलेला नमुना फ्लॅट बघून हरखून जातो आणि त्याच संध्याकाळी टोकनचा चेक देऊन मोकळे होतो. पुढची वीस वर्षे हप्ता फेडताना लक्षात येते की घर चांगले आहे, पण वस्ती आपल्याला मानवणारी नाही.

आपल्या सभासदांपैकी अनेक कुटुंबे आज या टप्प्यावर उभी आहेत. कोणी रेल्वे, पोलीस वा महापालिकेच्या क्वार्टरमध्ये राहतात आणि निवृत्तीबरोबर ती जागा सोडावी लागणार आहे. कोणी चाळीतल्या एका खोलीत तिसरी पिढी वाढवीत आहेत. मुंबई शहरात घर घेणे आवाक्याबाहेर असल्याने ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर, वसई-विरार, पनवेल या दिशांना आपली पावले वळतात. यास्तव, उपनगरातील वस्ती निवडताना कोणत्या गोष्टी तपासाव्यात याचा विचार आपण या लेखात क्रमाने करू.

आपल्या जीवनपद्धतीला साजेसे घर म्हणजे काय, याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. परळच्या बी. आय. टी. चाळीत अनेक वर्षे काढलेल्या बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची ही आखीव वस्ती वसवली होती व त्या काळी ती उपनगरच होती. बाबासाहेबांनी घराचा आराखडा करताना ग्रंथांसाठी मुद्दाम जागा राखली. आपले आयुष्य कशात जाणार आहे हे आधी ओळखावे आणि मग घर ठरवावे, हा त्यातला धडा सामान्य माणसालाही उपयोगी आहे.

१. चौरस फुटांआधी तास मोजा

बँकेत गृहकर्जाचे अर्ज हाताळताना आम्हाला एक गोष्ट सतत दिसते. अर्जदाराला घराचा दर चौरस फुटाला किती, हे पाठ असते. घर ते कचेरी वेळ किती लागतो, हे मात्र तो 'साधारण दीड तास' असे मोघम सांगतो.

थोडे गणित करू. समजा, स्वस्त म्हणून आपण एक तास अधिक लांबचे घर घेतले. जाऊन-येऊन दिवसाचे दोन तास वाढले. वर्षाचे कामाचे दिवस २८० धरले तर ५६० तास होतात. वीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत हे ११,२०० तास, म्हणजे अखंड ४६६ दिवस, पंधरा महिन्यांहून अधिक काळ होतो. घराच्या किमतीत वाचलेले पैसे या पंधरा महिन्यांच्या बदल्यात आहेत. काहींना हा व्यवहार परवडेल, काहींना परवडणार नाही. पण तो माहीत असून केलेला असावा.

हे तास मोजताना केवळ गाडीचा वेळ धरू नये. घरापासून स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा, तिची रांग, जिना, गाडी चुकल्यास पुढच्या गाडीची वाट आणि उतरल्यावर कचेरीपर्यंतची बस हे सर्व मिळून खरा प्रवास होतो. जाहिरातीतील 'स्टेशनपासून दहा मिनिटे' ही रिकाम्या रस्त्यावरची दहा मिनिटे असतात.

२. घरातील प्रत्येकाचा दिवस लिहून काढा

एका कोऱ्या कागदावर घरातील प्रत्येक माणसाचे नाव लिहावे व त्याचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस मांडावा. कमावता माणूस एकटा नसतो. पत्नी नोकरी करीत असेल तर तिची कचेरी कुठे आहे? पुष्कळ घरांत पतीच्या कामाच्या ठिकाणावरून वस्ती ठरते आणि पहाटे साडेचारला उठून, डबे करून, गर्दीच्या डब्यात शिरण्याचे कष्ट पत्नीच्या वाट्याला येतात. लांबचे घर घेतल्यावर वाढलेले दोन तास बहुधा तिच्याच झोपेतून वजा होतात. घराचा निर्णय तिच्या संमतीने नव्हे, तिच्या सहभागाने व्हावा.

तसेच मुलांचे. दहावी-बारावीचा मुलगा वा मुलगी मधेच शाळा बदलणार की प्रवास करणार? आजीला आठवड्यातून दोनदा दवाखाना लागतो, तिला तीन मजले चढवणार का? कोणी रात्रपाळी करीत असेल तर शेवटची गाडी किती वाजता आणि स्टेशनबाहेर त्या वेळी रिक्षा मिळते का? हा कागद भरला की अर्ध्या वस्त्या आपोआप गळून पडतात.

३. कोणता मार्ग कोणाला सोयीचा?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली रेल्वे धावली. तेव्हापासून या महानगराची वस्ती रुळांच्या कडेने वाढत गेली आहे. आपले काम ज्या मार्गावर, त्याच मार्गावर घर असावे हा पहिला नियम आहे.

मध्य रेल्वेवर डोंबिवली मुंबईपासून सुमारे ४८ किलोमीटर, कल्याण ५४ तर बदलापूर ६८ किलोमीटर आहे. जलद गाडीने कल्याणहून तासाहून थोडे अधिक, बदलापूरहून सव्वा ते दीड तास धरावा. कल्याणला कसारा व कर्जत असे दोन फाटे फुटतात व तेथून पुढे गाड्यांची संख्या कमी होते. म्हणजे कल्याणपलीकडे घर स्वस्त मिळते, पण चुकलेली गाडी महाग पडते.

पश्चिम रेल्वेवर वसई, नालासोपारा व विरार ही चर्चगेटपासून ५२ ते ६० किलोमीटरच्या टप्प्यात येतात. अंधेरी, वांद्रे भागात नोकरी असणाऱ्यांना ती सोयीची. मात्र नोकरी परळ-भायखळ्याला आणि घर नालासोपाऱ्याला असेल तर दादरला रोज दोनदा गाडी बदलावी लागेल, हे आधीच मनाशी धरावे.

नवी मुंबईत कामाला असणाऱ्यांनी वाशी, तुर्भे, ऐरोली डोळ्यांसमोर ठेवून पाहावे. ठाणे-वाशी रेल्वे २००४ मध्ये सुरू झाल्यापासून ठाणे-कळव्याकडील लोकांनाही तिकडे नोकरी करणे सोपे झाले आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने वसवलेल्या खारघर, कळंबोली, पनवेल परिसरात रस्ते रुंद व आखणी नीट आहे; पण दक्षिण मुंबईत रोज येणाऱ्यास हार्बर मार्गाचा प्रवास लांबच आहे.

गर्दी हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा येथे दारात लटकलेले प्रवासी गाडीतून पडून मृत्युमुखी पडले. सकाळी आठच्या सुमारास त्या स्टेशनवर गाडीत चढता येते का, हे स्वतः उभे राहून पाहिल्याशिवाय घर ठरवू नये.

'लवकरच येणार' या शब्दांवरही पैसे लावू नयेत. नवी मुंबई विमानतळाची कोनशिला फेब्रुवारी २०१८ मध्ये बसली आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. त्या आशेने घेतलेल्या घराचे हप्ते मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू झाले असतील. आज जी गाडी, जो रस्ता, जे पाणी चालू आहे, त्यावरच हिशेब मांडावा.

४. पाणी, पूर आणि कारखाने

नळाला पाणी किती वेळ येते, हा प्रश्न बिल्डरला विचारू नये. शेजारच्या इमारतीतील गृहिणीला विचारावा. टँकर येत असेल तर महिन्याचा टँकरखर्च प्रत्येक घराला किती पडतो, तेही विचारावे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. उल्हास नदीच्या काठच्या सखल जागा तेव्हा पाण्याखाली होत्या. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी व लाल पूररेषा आखतो. ढोबळमानाने पहिली पंचवीस वर्षांतून एकदा तर दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. आपली इमारत या रेषांच्या आत आहे का, हे नगरपालिकेच्या नगररचना विभागात विचारता येते. त्याहून सोपा उपाय म्हणजे जुलैत जाऊन पाहणे व तळमजल्यावरील जुन्या रहिवाशाला भिंतीवरची पाण्याची खूण दाखवायला सांगणे.

कारखान्यांचे अंतरही पाहावे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ व २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. माणसे गेली व आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. घरात दम्याचा रुग्ण वा लहान बाळ असेल तर या बाबीस दुप्पट वजन द्यावे.

५. शाळा, वाचनालय, दवाखाना

शिक्षणाने आपली घरे उभी राहिली, हे सांगण्याची गरज नाही. म्हणून वस्ती पाहताना 'जवळ मॉल आहे' याऐवजी जवळ अभ्यासिका आहे का, हे विचारावे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे आहे. अशा संस्था ज्या गावात टिकल्या तेथे स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला बसायला जागा व सोबत मिळते. नव्या टॉवरांच्या वस्तीत जलतरण तलाव असतो, पण विद्यार्थ्याला रात्री दहापर्यंत शांतपणे वाचायला कोपरा नसतो.

सरकारी वा पालिकेचे मोठे रुग्णालय किती दूर, हेही पाहावे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय व उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय ही त्या बाजूच्या सामान्य कुटुंबांची मोठी आधारस्थाने आहेत.

६. शेजार

घर चार भिंतींचे असले तरी राहणे माणसांत असते. आडनाव ऐकून 'जागा गेली' असे सांगण्याचे प्रकार शहरातही घडतात, हे आपणांस ठाऊक आहे. अशा वेळी खचून न जाता कायदा माहीत असावा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ नुसार पात्र व्यक्तीस पुरेशा कारणाशिवाय सोसायटीचे सभासदत्व नाकारता येत नाही. नकार मिळाल्यास तो लेखी मागावा व निबंधकाकडे दाद मागावी.

आपल्या लोकांच्या वस्तीत राहावे की मिश्र वस्तीत, हा प्रश्न तरुण जोडपी नेहमी विचारतात. एकाच उत्तराने सर्वांचे समाधान होणार नाही. अडीअडचणीला धावून येणारी माणसे जवळ असणे ही मोठी दौलत आहे. तसेच मुलांनी सर्व प्रकारच्या माणसांत निःसंकोच वावरणे हेही मोलाचे आहे. विहार, नातेवाईक व मित्रमंडळी अर्ध्या तासाच्या अंतरावर असतील तर दोन्ही साधते.

७. कागदपत्रे

वस्ती कितीही मनासारखी असो, कागद नसेल तर घर आपले नाही. बनावट परवानग्यांच्या आधारे रेरा नोंदणी मिळवलेल्या कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यांत घर घेणारे लोक आपल्यासारखेच हप्ते भरणारे होते.

२०१६ च्या रेरा कायद्यान्वये महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून प्राधिकरण कार्यरत आहे. घराची किंमत चटई क्षेत्रावरच सांगावी लागते, नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते. तरीही वरील प्रकरणामुळे सिद्ध झाले की रेरा क्रमांक पाहून थांबू नये. बांधकाम परवानगीची प्रत घेऊन पालिकेच्या कार्यालयात ती खरी असल्याची खात्री करावी, वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा शोध अहवाल घ्यावा आणि तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नये.

८. कर्ज किती झेपेल?

समजा, पंचवीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २१,७०० रुपये येतो व एकूण परतफेड सुमारे ५२ लाख होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते. उरलेली रक्कम, मुद्रांक शुल्क व नोंदणी यांची तजवीज आपणच करावयाची असते. हप्त्याच्या जोडीला सोसायटीचा देखभाल खर्च, पास व रिक्षा हेही दरमहा येणारच. लांबच्या घराचा हप्ता कमी असला तरी ही बेरीज केल्यावर फरक पुष्कळदा निम्म्यावर येतो.

केवळ स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. घर पत्नीच्या वा मुलीच्या नावे करण्याचा विचार यानिमित्ताने अवश्य करावा. तसेच म्हाडा व सिडकोच्या सोडतींमध्ये अनुसूचित जातींसाठी घरे राखीव असतात. अर्ज मुदतीत भरावा व जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आधीच तयार ठेवावा.

समारोप

थोडक्यात सांगावयाचे झाल्यास, ज्या वस्तीत घर घ्यावयाचे तेथे चार वेळा जावे : एकदा कामाच्या दिवशी सकाळी आठला, एकदा रात्री दहानंतर, एकदा भर पावसात आणि एकदा घरातील सर्व माणसांना घेऊन. शक्य असल्यास त्याच वस्तीत अकरा महिने भाड्याने राहून पाहावे. यात थोडे पैसे खर्च होतील, पण वीस वर्षांच्या निर्णयाची ती परीक्षा आहे.

विद्यार्थी मित्रांनीही हा विषय वडिलधाऱ्यांचा म्हणून सोडून देऊ नये. आई-वडील घर पाहायला निघतील तेव्हा वही-पेन घेऊन सोबत जावे, तास मोजावेत, कागद वाचावेत, प्रश्न विचारावेत. आपण शिकलो आहोत त्याचा पहिला उपयोग आपल्या घरालाच होऊ द्यावा.