इंजिनचे हेड आणि वाल्वच्या स्प्रिंगा



बहुतेक विहिरींवर आता विजेची मोटर आहे. तरी नदीकाठी, ओढ्यावर आणि वीज नसेल त्या वेळी जुने पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिनच कामी येते. ते एप्रिलात बसले तर उसाच्या पाण्याची पाळी चुकते, कांड्या आखूड पडतात आणि तूट वजनकाट्यावर दिसते. तेव्हा इंजिन उन्हाळ्याच्या आधीच खोलावे, आणि मिस्त्री काम करीत असता आपण जवळ उभे राहावे.

रिंगा नव्या घातल्या, बिल दिले आणि आठ दिवसांत हेडखालून पाणी झिरपू लागले, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. बहुधा दोष रिंगांचा नसतो. हेड व ब्लॉक जेथे एकमेकांवर बसतात तो तोंडवळाच नीट साफ झालेला नसतो. पाणी सिलिंडरात साठले आणि तसेच हँडल मारले किंवा इंजिन चालू झाले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग खर्च गॅस्केटवर थांबत नाही.

जुने गॅस्केट कोरडे खरवडू नये. पूर्वीच्या गॅस्केटात ॲस्बेस्टॉस असे, त्याची धूळ छातीला वाईट. आधी तेलाने भिजवावे, मग बोथट पत्रीने काढावे. छिन्नी लावू नका. पॉलिश पेपरची भुकटी लाईनरमध्ये पडली तर नव्या रिंगा घासल्याच म्हणून समजा. भोकांत चिंध्या कोंबाव्यात. नंतर पोलादी पट्टी उभी व आडवी, दोन्ही कर्णांवरही धरून खालून फीलर गेज सरकवून पाहावे. पट्टीखाली फट दिसली तर हेड वर्कशॉपमध्ये सपाट करून घ्यावे. फट बुजवायला शेलॅक थापणे हा उपाय नव्हे. शेलॅक बाजूच्या झाकणांच्या कागदी पॅकिंगला पातळ लावावे; हेडचे गॅस्केट, कंपनीने सांगितले नसेल तर, कोरडेच बसवावे. नवे गॅस्केट जुन्याच जाडीचे हवे, नाहीतर पिस्टन व हेडमधले अंतर बदलते.

वाल्वच्या स्प्रिंगांकडे कोणी बघतच नाही. "चालतंय की" म्हणून जुनीच धुऊन घालतात. स्प्रिंग डिझेलने धुऊन काचेवर उभी करावी, शेजारी गुण्या धरून गोल फिरवावी. कललेली, गंजाने खड्डे पडलेली किंवा नवीपेक्षा आखूड झालेली स्प्रिंग टाकून द्यावी. ताणून लांब केलेली पुन्हा बसते. ताकद पाहायची तर जुनी आणि नवी एकापुढे एक ठेवून, मध्ये पत्र्याचा तुकडा घालून शेगड्यात दाबाव्यात. जुनी जास्त दबली तर ती थकली. अशी स्प्रिंग वाल्व वेळेवर मिटवीत नाही. कॉम्प्रेशन जाते, हँडल मारून दंड भरून येतात, धूर काळा होतो. तुटलीच तर वाल्व पिस्टनवर पडू शकतो. लॉक काढताना तोंड बाजूला ठेवा, ते डोळ्यात उडते.

हेडचे नट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत आवळावे. आंधळ्या भोकात तेल साठलेले नको, बोल्ट आवळताना ब्लॉक तडकतो. इंजिन गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर, कंपनीची मनाई नसेल तर, नट पुन्हा तपासावेत आणि त्यानंतरच टॅपेटचे अंतर लावावे.