गुलमर्ग की औली? वाईट दिवस धरून निवड करा

स्कीइंगसाठी परदेशी जायचं नसेल तर महाराष्ट्रातल्या घरांत दोनच नावं पुढे येतात : काश्मीरमधलं गुलमर्ग आणि उत्तराखंडातलं औली. मग दोन्हीकडचे फोटो पाहिले जातात, पॅकेजचे दर मांडले जातात आणि निवड तिथेच चुकायला लागते. फोटो त्या जागेच्या सर्वांत चांगल्या दिवसाचा असतो. आपल्या वाट्याला तो दिवस येईलच असं नाही, आणि स्कीइंगच्या सुट्टीत खर्च इतका आधी करावा लागतो की हुकलेल्या दिवसांची भरपाई नंतर होत नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं की तुलना दोन्ही ठिकाणांच्या वाईट दिवसांची करा. बर्फ पडलाच नाही, वारा सुटला, घाटात दरड कोसळली, तर तिथे आपल्या हातात काय उरतं?

हा प्रश्न काल्पनिक नाही. जानेवारी २०२४ मध्ये ऐन हिवाळ्यात गुलमर्गची कुरणं उघडी, तपकिरी पडली होती; बर्फ आला तो महिना सरता सरता. पुढच्याच वर्षी तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये पार पडल्या. औलीत २०२३ च्या फेब्रुवारीतल्या स्पर्धा याच कारणाने रद्द झाल्या होत्या. म्हणजे हमी कुणाकडेच नाही, पण दोन्हीकडची जोखीम सारखीही नाही. हिमालयात हिवाळ्यात बर्फ आणतात ते पश्चिमेकडून येणारे पश्चिमी विक्षोभ. काश्मीर त्यांच्या वाटेवर आधी लागतं, पीर पंजालच्या रांगा त्यातला मोठा वाटा अडवतात आणि पूर्वेला गढवालकडे सरकेपर्यंत त्यांचा जोर बऱ्याचदा ओसरलेला असतो. शिवाय गुलमर्गला वर सरकायला जागा आहे. गावाभोवतीची कुरणं सुमारे २,६५० मीटरवर आहेत. तिथे बर्फ विरळ असला तर गोंडोलाच्या, म्हणजे केबल-कारच्या, पहिल्या टप्प्याने ३,०८० मीटरच्या आसपास असलेल्या कोंगडोरीला जाता येतं. औलीचे उतार साधारण ३,०५० मीटरलाच संपतात. तिथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी कृत्रिम बर्फाची यंत्रणा आणली होती, पण तशा यंत्राला पाण्याबरोबर पुरेशी थंड, कोरडी हवाही लागते. ज्या उबदार हिवाळ्यात त्याची गरज सर्वाधिक, त्याच हिवाळ्यात त्याची ताकद कमी पडते.

गुलमर्गची जाहिरात मात्र भलत्याच गोष्टीवर होते. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर नेतो, आणि ‘इतक्या उंचीवर स्कीइंग’ हे ऐकून पहिल्यांदा जाणारी मंडळी हुरळतात. नवशिक्याला त्या उंचीचा काडीचाही उपयोग नाही. तिथून खाली येणारे बहुतेक उतार नैसर्गिक, न दाबलेल्या बर्फाचे आहेत आणि आखलेल्या हद्दीबाहेर हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू गाडले गेले, पुढच्या फेब्रुवारीत एक रशियन. ते हौशी नवशिके नव्हते. तेव्हा अफरवट बंद असल्याने सुट्टी वाया गेली असं ज्यांना वाटतं, त्यांनी मुळात काय शिकायला चाललो आहोत ते पुन्हा ठरवावं. पहिले चार-पाच दिवस सपाटसर कुरणावरच जातात आणि ते तसेच जायला हवेत.

पोहोचण्याचा हिशेबही वाईट दिवस धरूनच करावा. श्रीनगर विमानतळापासून गुलमर्ग सुमारे ५५ किलोमीटर. अडचण येते ती तनमर्गच्या पुढच्या चढणीवर, जिथे बर्फात साखळी लावलेली किंवा चारही चाकं ओढणारी गाडी लागते. औलीसाठी ऋषिकेशपासून जोशीमठपर्यंतच अडीचशे किलोमीटरचा डोंगरी रस्ता आहे, दरडींसाठी कुप्रसिद्ध. त्याच्या पुढे ज्या रोपवेचं कौतुक अजूनही माहितीपत्रकांत छापलं जातं, तो जवळपास चार किलोमीटरचा जोशीमठ-औली रोपवे जानेवारी २०२३ मध्ये शहराची जमीन खचू लागल्यावर बंद करावा लागला. टूरवाल्याने रोपवेचं नाव घेतलं तर तो आज चालू आहे का, हे लेखी मागा.

गुलमर्गकडे झुकणाऱ्या या हिशेबावर सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे. २२ एप्रिल २०२५ ला काश्मीरमधल्या पहलगामजवळ दहशतवादी हल्ल्यात २६ जण मारले गेले, त्यांत महाराष्ट्राचे सहा होते. त्यानंतर ज्या घराला काश्मीरला जावंसं वाटत नाही, त्याला आकडेवारी देऊन समजावण्याचा अधिकार कुणालाच नाही. मनात सतत धास्ती बाळगून सुट्टी होत नाही; अशांनी औली निवडावं, आणि तिथे बर्फ नसला तरी नंदादेवी शिखराचं दर्शन व गोरसों बुग्याल या कुरणाची पायवाट यांवर समाधान मानायची तयारी ठेवावी. दुसरा आक्षेप खर्चाचा. औली स्वस्त पडतं हे खरं. पण दोन्ही बाजूंचे प्रवासाचे दिवस मोजले तर प्रत्यक्ष बर्फावरच्या एका दिवसाला पडणारा खर्च बऱ्याचदा जवळ येतो.

या सगळ्याच्या आधीचा प्रश्न तारखेचा आहे आणि तो आपल्याकडे सर्वांत उलट्या पद्धतीने सुटतो. शाळांना नाताळची सुट्टी असते म्हणून आरक्षण डिसेंबरअखेरचं होतं. काश्मीरमधली चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याची चाळीस दिवसांची थंडी, सुरूच होते २१ डिसेंबरला. थंडी असते, पण स्की चालवण्याइतका बर्फाचा थर बसायला बहुधा जानेवारीचा उत्तरार्ध उजाडतो. नाताळशिवाय सवडच नसेल तर काश्मीर पाहायला जरूर जा, स्कीइंगचे पैसे मात्र आधी भरू नका. फेब्रुवारीचा पहिला-दुसरा आठवडा जमत असेल तर माझं मत गुलमर्गला. दहावी-बारावीचं कुणी घरात असेल तर तो विचार त्या वर्षापुरता सोडून द्या.

आरक्षण करताना हॉटेलच्या खिडकीतून काय दिसतं यापेक्षा शिकवणारा कोण हे आधी विचारा. गुलमर्गला केंद्र सरकारची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे, औलीला गढवाल मंडळ विकास निगमचे अभ्यासक्रम चालत आले आहेत. दोन्हीकडे ठरावीक मुदतीचं शिक्षण मिळतं आणि जागा लवकर भरतात. खासगी प्रशिक्षक घेतलात तर तासावर नव्हे, सलग दिवसांवर ठरवा. गुडघा मुरगळणं ही या खेळातली नेहमीची दुखापत, म्हणून प्रवास विम्याच्या कागदात साहसी खेळ वगळलेले नाहीत ना, ते स्वतः वाचा. आणि परतीचं विमान शेवटच्या बर्फाच्या दिवशीच ठेवू नका. मध्ये एक रिकामा दिवस श्रीनगरला किंवा ऋषिकेशला राहू द्या.