जुनी युकुलेली घेताना

प्रश्न : मुलीसाठी वापरलेली युकुलेली घेत आहोत. विकणारे म्हणतात, ‘फक्त तारा बदला.’ काय तपासावे?

उत्तर : नायलॉनच्या तारा स्वस्तात बदलता येतात, त्यांची चिंता नको. ट्यूनर लावून जी-सी-ई-ए असे सूर जुळवा. मग प्रत्येक तार आधी मोकळी आणि नंतर १२व्या पडद्यावर दाबून छेडा. तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. थोडा फरक जुन्या तारांमुळेही पडतो. परंतु मान वाकलेली असेल किंवा ब्रिज लाकडापासून सुटत असेल, तर सौदा सोडा; दुरुस्ती किमतीपेक्षा महाग पडू शकते. खुंट्या सूर धरतात का, तेही पाहा. शिकणाऱ्या मुलाच्या हाती सुरेल वाद्यच जायला हवे.