आमवाताच्या रुग्णांनो, हृदयाकडेही लक्ष द्या

सांधे दुखले की "वात आहे" म्हणून आपण सोडून देतो. पण सगळे वात सारखे नसतात. वयाने गुडघे झिजतात ते वेगळे. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. दोन्ही हातांची बोटे, मनगटे सुजतात. सकाळी उठल्यावर बराच वेळ मूठ वळत नाही. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक आढळतो.

हृदयाशी संबंध काय?

आमवाताची सूज सांध्यांपुरती राहत नाही. ती रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही इजा करते, तिथे चरबीचा थर लवकर साचतो. म्हणून या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट धरतात. झटक्यानंतर दगावण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक आढळले आहे. खर्रा, बिडी, वाढलेला रक्तदाब आणि साखर यांनी धोका आणखी वाढतो.

रक्तवाहिन्यांचे आजार फक्त शहरात होतात, असे समजू नका. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. त्यात लकवा हे सर्वांत मोठे कारण निघाले.

झटका ओळखावा कसा?

छातीवर दगड ठेवल्यासारखे दुखणे, घाम, दम लागणे, मळमळ, जबडा, पाठ किंवा हातात कळ ही लक्षणे आहेत. आमवातात छाती न दुखताही झटका येऊ शकतो. रोवणीच्या दिवसांत खांदा धरला की आपण तेल चोळतो, गोळी घेतो, आणि मोलाचे तास जातात. सांध्याचे दुखणे बहुधा तो सांधा हलवल्याने किंवा दाबल्याने वाढते. दुखण्यासोबत घाम, दम किंवा घाबरेपणा असेल तर ते हृदयाचेच समजा.

तेव्हा काय करावे?

१. रुग्णाला बसवा, चालवू नका. लगेच १०८ ला फोन करा.

२. सकाळ होण्याची वाट पाहू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण १२ तासांच्या आत देतात. पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा गुण सर्वांत जास्त. भामरागड, एटापल्ली, जिवतीसारख्या दूरच्या भागात तर प्रत्येक मिनिट मोलाचे आहे.

३. ईसीजीची सोय असलेले जवळचे सरकारी रुग्णालय आधी गाठा.

४. १०८ च्या डॉक्टरांना विचारून ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. तोंड वाकडे झाले असेल, हातपाय लुळा पडला असेल, रक्ताची उलटी किंवा काळी शौच होत असेल, तर देऊ नका.

५. "आमवात आहे" हे डॉक्टरांना सांगा, चालू गोळ्या दाखवा. सिकलसेल असल्यास तेही सांगा. त्यातही सांधे आणि छाती दुखते.

रोजची काळजी

आमवाताचे औषध मनाने बंद करू नका. सूज आटोक्यात राहिली तर हृदयालाही फायदा होतो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज घेतल्यास जिवावर बेतते. मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्याने हृदय व मूत्रपिंडावर ताण येतो. नाव नसलेल्या पुड्या घेऊ नका, त्यांत स्टेरॉइड असू शकते. खर्रा सोडा. तिशीनंतर आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या.

घरातली बाई दुखणे अंगावर काढते, कारण काम थांबत नाही. तिने "बरे वाटत नाही" म्हटले, तर घरच्यांनी ते त्याच दिवशी ऐकावे.