इंग्रजीतील विशेषणवाक्य

मराठी शाळेतून इंग्रजीकडे वळलेल्या मुलाच्या वहीत 'हू बॉय केम यस्टरडे, ही इज माय फ्रेंड' अशा धर्तीचे वाक्य हटकून सापडते. गुरुजी त्याखाली तांबडी रेघ ओढतात. मुलाला मात्र आपले काय चुकले ते कळत नाही. 'जो मुलगा काल आला तो माझा मित्र आहे' हे मनातले वाक्य त्याने प्रामाणिकपणे, शब्दाला शब्द ठेवून उतरविलेले असते. पालकांनी हे समजून घेतले तर घरच्या घरी ही चूक सुधारता येईल, म्हणून हा लेख.

'जो मुलगा काल आला' हे वाक्य मुलाविषयी विशेष माहिती देते, म्हणून आपल्या व्याकरणात त्यास विशेषणवाक्य म्हणतात. मराठीत 'जो' आला की 'तो' यावयाचाच. हे जोडपे सहसा फुटत नाही. इंग्रजीत या जोडप्यातील 'तो' नाहीसा होतो. शिवाय आपण विशेषणवाक्य बहुधा आधी सांगतो, इंग्रज आधी नाम सांगतो आणि लगेच त्याला वाक्य चिकटवितो: 'द बॉय हू केम यस्टरडे इज माय फ्रेंड.' ज्या वडीलधाऱ्यांचे शिक्षण १९६१ पूर्वी पोर्तुगीजमधून झाले, त्यांना ही रचना नवी नाही; त्या भाषेतही जोडणारा शब्द नामाच्या पाठोपाठच येतो.

माणसासाठी 'हू', वस्तू व जनावरांसाठी 'विच', दोहोंस चालणारा 'दॅट', आणि 'ज्याचा' या अर्थी 'हूज', एवढे पाठ केले की बरेच काम भागते. विभक्तीकडे मात्र लक्ष हवे. 'ज्या घरात मी राहतो' यातील 'त' मराठीत शब्दातच विरघळलेला असल्याने मुले 'द हाउस विच आय लिव्ह' लिहून मोकळी होतात. तेथे 'इन विच' पाहिजे.

नामाला चिकटविण्याचा नियम मोडला की गंमत होते. 'ही सोल्ड द काउ टु अ मॅन हू गेव्ह गुड मिल्क' असे लिहिल्यास चांगले दूध गाय देत नाही, घेणारा मनुष्य देतो!

आता स्वल्पविरामाकडे वळू. मुले त्याला क्षुल्लक समजतात, पण त्यावर कोणाच्या पदरात काय पडते हे ठरू शकते. समजा, एखाद्या संस्थेने विद्यार्थ्यांना पुस्तके देण्याचा ठराव इंग्रजीत लिहिला: 'द स्टुडंट्स हू लिव्ह इन साखळी विल रिसीव्ह बुक्स.' येथे स्वल्पविराम नाही. म्हणजे विद्यार्थ्यांपैकी जे साखळीत राहतात, तेवढ्यांनाच पुस्तके. पेडण्याहून येणारा मुलगा हात हलवीत परत जाणार. याच वाक्यात 'स्टुडंट्स'नंतर आणि 'साखळी'नंतर स्वल्पविराम घाला. आता पुस्तके सर्व विद्यार्थ्यांना, आणि ते सारे साखळीत राहतात ही जाता जाता दिलेली माहिती! दोन टिंबांएवढ्या शाईने निवड करणारे वाक्य नुसते वर्णन करणारे झाले. मराठीत हा भेद आपण 'जे' व 'तेवढेच' अशा शब्दांनी किंवा बोलण्यातील ठेक्याने दाखवितो. इंग्रजी लिहिताना ठेका कागदावर उतरवावा लागतो.

'माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन पेडणे' असे स्वल्पविरामासह लिहिणाऱ्याला सामान्यतः एकच भाऊ असतो. स्वल्पविराम नसेल तर आणखी भाऊ असावेत, आणि त्यांतील पेडण्याचा कोणता ते तो सांगत आहे. विशेषनाम मुळातच एका वस्तूचे असल्यामुळे त्याच्यापुढे बहुधा स्वल्पविराम येतो, आणि अशा जागी 'दॅट' चालत नाही. 'हू' किंवा 'विच'च घ्यावा.

सरावासाठी दोन वाक्ये देतो. मुलांनी ती इंग्रजीत करावीत, आणि स्वल्पविराम कोठे दिला व का दिला, ते वडिलांना तोंडी सांगावे.

ज्या नदीच्या काठी विठ्ठलाचे देऊळ आहे, ती वाळवंटी साखळीतून वाहते.

ज्या मुलीने हरवळ्याचा धबधबा पाहिलेला नाही, तिने हात वर करावा.