रीस्टार्ट मारण्याआधी

‘डॉक्टर, वय ३१. जावाच्या वेब अ‍ॅप्लिकेशनच्या सपोर्टला आहे, महिन्यातले दोन आठवडे ऑन-कॉल. गेले तीन-चार महिने दुपारनंतर डोकं धरतं, म्हणून एक गोळी घेतो. उजव्या हाताचा अंगठा आणि पुढची दोन बोटं रात्री बधिर होऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. झोप कमी होते, पण त्याला इलाज नाही. यात काळजी करण्यासारखं काही आहे का?’

आहे. घाबरून जाण्यासारखं नाही, पण पुढे ढकलण्यासारखंही नाही. पत्र एकाचं असलं तरी तक्रार पुष्कळांची आहे. माझा दवाखाना वाकडला आहे. संध्याकाळी हिंजवडीची गर्दी सुटली की बाकावरचे निम्मे पेशंट पाठीला लॅपटॉपची सॅक लावूनच आलेले असतात. म्हणून आजचं सगळं सदर या पत्राच्या उत्तराला देते.

डिसेंबर २०२१ मधला एक मुलगा माझ्या चांगला लक्षात आहे. त्या महिन्यात लॉगफोरजे नावाच्या लायब्ररीत मोठं भगदाड सापडलं होतं. जावातले असंख्य प्रोग्रॅम आपली रोजनिशी, म्हणजे लॉग, लिहायला ही लायब्ररी वापरतात. बाहेरच्या कुणी एखाद्या चौकटीत विशिष्ट मजकूर टाकला आणि तो लॉगमध्ये उतरला, की सर्व्हर बाहेरून कोड आणून चालवायचा. धोक्याच्या मापनात या भगदाडाला १० पैकी १० गुण होते. दुरुस्त आवृत्ती आली, २.१५.०. तिच्यातही उणीव निघाली, म्हणून २.१६.०, मग २.१७.०, मग २.१७.१. चारही आवृत्त्या त्या एकाच महिन्यात आल्या, आणि प्रत्येक वेळी सगळे सर्व्हर पुन्हा नव्याने तपासायचे. हा मुलगा दहा दिवस रोज चार तास झोपत होता. रक्तदाब १६०/१००. मोजायला आडवं केलं तर पट्टा सोडेपर्यंत घोरायला लागला. बाहेर पेशंट थांबले होते, तरी मी त्याला वीस मिनिटं तसाच झोपू दिला.

त्या दिवशी मी त्याला रक्तदाबाची गोळी सुरू केली नाही. आधी झोप, मग घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजमाप, असं सांगितलं. पुढच्या खेपेला त्याला माझं म्हणणं लगेच कळलं, कारण त्याच्या कामातही हेच असतं. अ‍ॅप्लिकेशन अडकलं की नवखा माणूस थेट रीस्टार्ट मारतो. ते पुन्हा चालू होतं, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण ते कशाने अडकलं होतं याचा पुरावा त्या रीस्टार्टबरोबर पुसला जातो. जाणता माणूस आधी थ्रेड डंप घेतो, म्हणजे प्रोग्रॅममधला कोणता धागा कुठल्या ओळीवर कशाची वाट पाहत उभा आहे याची यादी. जेस्टॅकची एक कमांड, काही सेकंदांचं काम. तेही एकदा नाही, दहा-दहा सेकंदांनी तीनदा, कारण तिन्ही याद्यांत जो धागा त्याच ओळीवर दिसतो तो अडकलेला असण्याची शक्यता जास्त. रक्तदाबाचंही असंच आहे, एका आकड्यावर निदान होत नाही. त्याचा रक्तदाब पुढे आपोआप उतरला.

पत्रलेखकाची रोजची गोळी हा रीस्टार्ट आहे, आणि माझी पहिली काळजी तिचीच आहे. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारखी साधी वेदनाशामकं महिन्यातले पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळीला तर महिन्यातले दहा दिवसही पुरतात. गोळी उतरली की डोकं दुखतं, दुखलं की पुन्हा गोळी, आणि माणसाला वाटतं आजार वाढतोय. आयबुप्रोफेनच्या जातीची औषधं शिवाय जठराला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात, उपाशीपोटी आणि दिवसभर पाणी न पिता घेतली तर जास्तच. ही सवय सोडवता येते. पहिला आठवडा डोकं जास्त दुखतं आणि तिथेच बरेच जण हरतात, म्हणून हे डॉक्टरांच्या सोबतीने करा.

गोळीच्या जागी काय? नोंद. माझ्या एका पेशंटबाईंच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये सकाळी पहिलं लॉगिन करणाऱ्याला एरर यायचा. दुसऱ्यांदा केलं की चालायचं, मग दिवसभर तक्रार नाही. टीमने लॉगिनचा कोड आठवडाभर पिंजून काढला, त्यात काहीच सापडलं नाही. मग बाईंनी एररच्या वेळा एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या आणि त्यांना उमगलं. मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरात नसलेलं कनेक्शन, सेटिंग बदललं नसेल तर, २८,८०० सेकंदांनी तोडून टाकतो. म्हणजे आठ तासांनी. रात्रभर कुणी फिरकत नसे आणि सकाळी अ‍ॅप्लिकेशन ते मेलेलंच कनेक्शन पुढे करायचं. कनेक्शनचं आयुष्य आठ तासांच्या आत संपेल असं सेटिंग केलं आणि तक्रार थांबली.

डोकेदुखीची वेळही अशीच बोलते. उठतानाच डोकं जड, घरचे म्हणतात घोरतोस, दिवसा पेंग येते, तर झोपेत श्वास अडकतो का हे तपासावं लागतं. दुपारी चार-पाचला धरत असेल तर चष्म्याचा नंबर, मान, चुकलेलं जेवण आणि न प्यायलेलं पाणी, या क्रमाने मी बघते. फक्त शनिवार-रविवारी दुखतं? ऑफिसातल्या मशिनची सहा कप कॉफी त्या दोन दिवसांत सुटते, हे कारण मला कितीदा तरी सापडलं आहे. अर्धं डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड नको वाटतो, तर ते अर्धशिशीचं दुखणं. त्याची औषधं वेगळी आणि चांगली आहेत. जावाचा एरर येतो तेव्हा पडद्यावर पन्नास-पन्नास ओळींचा स्टॅक ट्रेस उतरतो. अनुभवी माणूस वरच्या ओळीवर थांबत नाही, खाली जाऊन शेवटचं ‘कॉज्ड बाय’ शोधतो. ‘डोकं दुखतं’ ही वरची ओळ आहे. मला खालच्या ओळी लागतात, आणि त्या फक्त तुम्हीच मला आणून देऊ शकता.

आता हात. पत्रात एक तपशील फार नेमका आला आहे: अंगठा आणि पुढची दोन बोटं. करंगळी नाही. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं मिटणारे नऊ स्नायुबंध आणि त्यांच्या जोडीने एक नस जाते. स्नायुबंधांना सूज आली की नसेच्या वाट्याची जागा कमी होते. ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. करंगळी तिची नाही. रात्री झोपेत मनगट दुमडलं जातं, बोगदा आणखी चेपतो, मुंग्यांनी जाग येते, आणि माणूस थर्मामीटर झटकावा तसा हात झटकतो. कार्पल टनेल, म्हणजे या बोगद्याचं दुखणं, ओळखायला ही एक खूण मला पुष्कळ वाट दाखवते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर दोष बहुधा कोपरात असतो, टेबलाच्या कडेवर कोपर टेकून तासन्‌तास बसणाऱ्यांना होतो तो.

दर वेळी कीबोर्डला दोष देऊ नका. थायरॉइड कमी असणं, साखर वाढलेली असणं, गरोदरपण, यांतही हेच होतं. म्हणून वय ३१ असलं तरी थायरॉइड आणि साखर या दोन्ही रक्ततपासण्या मी करून घेते. सुरुवातीचा उपचार साधा आहे: रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, किमान सहा आठवडे. दिवसा माउस कोपराच्या उंचीवर, मनगट वर वळलेलं नको.

थांबू नका, असं मी का म्हणते? काही वर्षांपूर्वी मी जात असे त्या एका रुग्णालयात नवी संगणक प्रणाली बसवली आणि मराठीत भरलेली पेशंटांची नावं केसपेपरवर ‘?????’ अशी छापून यायला लागली. तिथेच उपचार घेणाऱ्या एका डेव्हलपरला मी सहज विचारलं. तो म्हणाला, नावाच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसत असती तर बहुतेक वेळा मूळ नाव परत काढता आलं असतं, कारण आतली माहिती शाबूत असते, वाचण्यात घोळ असतो. पण टेबल देवनागरी न ओळखणाऱ्या प्रकारचं असेल तर डेटाबेस न समजलेल्या अक्षरांच्या जागी खरंच प्रश्नचिन्हं साठवतो. मूळ नाव कुठेच उरत नाही. पुढची नावं देवनागरी ओळखणाऱ्या यूटीएफ-एटवर नेऊन वाचली. आधीची आम्ही जुन्या कागदांवरून पुन्हा भरली, काही मिळालीच नाहीत. हातातल्या मुंग्या म्हणजे ती चित्रविचित्र अक्षरं आहेत, अजून सगळं परत येतं. दोन्ही तळहात शेजारी ठेवून अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा बघा. एका हाताचा चपटा झाला असेल, शर्टाचं बटण लावताना बोटं चुकत असतील, तर नस बरीच दुखावली आहे आणि शस्त्रक्रिया करूनही गेलेली ताकद पूर्ण येईलच असं नाही. पत्रलेखकाने हे आज रात्रीच बघावं.

डोळे आणि मान यांचं थोडक्यात सांगते. लॉगच्या ओळी चाळताना पापण्या मिटायच्या विसरतात, डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस फूट दूर वीस सेकंद बघा आणि एसीचा झोत तोंडावर घेऊ नका. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका; त्यांत स्टेरॉइड असलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. लॅपटॉप स्टँडवर, कीबोर्ड वेगळा, एवढ्यावर मानेची अर्धी तक्रार मिटते.

‘झोपेला इलाज नाही’ हे वाक्य मात्र मला मान्य नाही. एका टीम लीडने सांगितलेली रात्र ऐका. शुक्रवारी रात्री अकराला अ‍ॅप्लिकेशन बंद, लॉगमध्ये ‘कनेक्शन उपलब्ध नाही’. डेटाबेसची कनेक्शनं राखून ठेवणारा हिकारीसीपीसारखा पूल आपणहून दहाच कनेक्शन ठेवतो आणि तीस सेकंद वाट पाहून हात वर करतो. तिने दहाचे पन्नास केले, पन्नासचे शंभर. थोडा वेळ चालायचं, पुन्हा बंद. पहाटे पाचपर्यंत हेच. शनिवारी दुपारी झोपून उठल्यावर तिने तोच कोड उघडला आणि दहा मिनिटांत तिला दिसलं: एका ठिकाणी एरर आला की फंक्शन मधूनच परतत होतं आणि घेतलेलं कनेक्शन परत देतच नव्हतं. काम संपलं की कनेक्शन आपोआप परत देणारं ट्राय-विथ-रिसोर्सेस लावलं, विषय संपला. रात्रीचे सहा तास ती ज्या डोक्याने शोधत होती त्या डोक्याला ते दिसणं अवघड होतं.

१९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसांचा हात आणि डोळ्यांचा ताळमेळ, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसांइतका घसरला होता. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठलेला माणूस रात्री बाराला त्या रेषेपलीकडे असतो, आणि दोन वाजता आपण त्याला प्रॉडक्शनचा डेटाबेस हाताळायला सांगतो. पहाटे तोच दुचाकीवरून हायवेने घरी निघतो. मला सगळ्यात भीती या प्रवासाची वाटते. कॅबने जा, नाहीतर ऑफिसातच तासभर झोपून निघा.

ऑन-कॉलच्या आठवड्यात संध्याकाळी अर्धा तास तरी आडवं व्हा. चहा-कॉफी रात्री एकनंतर नको. कॅफीनचा निम्मा भाग उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे चारचा कप सकाळी नऊलाही निम्मा रक्तात असतो. आणि मॅनेजर मंडळींना हात जोडून विनंती: रात्री दोनला उठवलेल्या माणसाला सकाळच्या दहाच्या मीटिंगला बोलावू नका.

आयुष्यात कधी दुखलं नाही असं अचानक, प्रचंड डोकं दुखलं, ताप येऊन मान आखडली, चेहरा वाकडा झाला, एक हात लुळा पडला, बोलणं जड झालं, छातीत दुखलं, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून धाप लागली, तर नोंदी वगैरे काही नाही. १०८ ला फोन करा.

पत्रलेखकाने दोन आठवड्यांचा कागद घेऊन यावं: डोकं कधी दुखलं, त्याआधी काय खाल्लं, किती झोप झाली, कोणती गोळी घेतली. घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं आणावीत, रिकामी असली तरी. चष्मा विसरू नये. आणि निघण्याआधी ऑन-कॉलचा फोन तासाभरासाठी टीममधल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवावा. नसेची तपासणी करायची ठरली, तर त्या वेळी हात स्थिर ठेवावा लागतो.