गिटारची घूं घूं घालवायला किती खर्च येतो?

घरी एकट्याने वाजवताना जी घूं घूं फारशी जाणवत नाही, ती गणपतीच्या मांडवात किंवा ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर अंगावर येते. डिमरवरचे दिवे, एलईडीची भिंत, मागे जनरेटर आणि हातात तीन सिंगल कॉइल पिकअपची स्ट्रॅट. गाणं संपतं, निवेदक बोलायला लागतो आणि त्याच्या मागे तुमचा ॲम्प गुणगुणत राहतो. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘ॲक्टिव्ह नॉइजलेस पिकअप टाका.’ सल्ला चुकीचा नाही. पण त्यासाठी वीस-तीस हजार रुपये मोजण्याआधी आवाज नेमका कुठून येतोय हे घरच्या घरी पाच मिनिटांत कळतं. ते तपासल्याशिवाय कुणीही खिशात हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गिटार ॲम्पला लावा आणि गिटारवरचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज तसाच राहिला तर पिकअपचा त्यात दोष नाही; केबल, पेडलचा अडॅप्टर किंवा ॲम्प तपासा. आवाज गेला, तर व्हॉल्यूम पुन्हा वाढवा आणि गिटार गळ्यात ठेवून जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. एका दिशेला घूं घूं वाढते आणि दुसऱ्या दिशेला जवळजवळ नाहीशी होते, तर ती पिकअपची कॉइल पकडते आहे. स्विच दुसऱ्या आणि चौथ्या खटक्यावर नेऊन पाहा. मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल, आणि आजकालच्या बऱ्याच स्ट्रॅटमध्ये तो तसा असतो, तर तिथे गिटार शांत होईल. तारांना हात लावल्यावर चरचर कमी झाली तर शिल्डिंग अपुरं आहे. उलट वाढली तर अर्थची वायर कुठेतरी तुटली आहे किंवा चुकीची जोडली आहे. डिस्टॉर्शन चढवल्यावरच येणारी सूं सूं मात्र गेनची असते. तिच्यावर नॉइज गेट लावावा लागतो, कितीही महाग पिकअप टाकला तरी ती जात नाही.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. पिकअपच्या कॉइलमध्ये बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. ते तारांचं कंपन टिपतात, तसंच आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरचं आणि वायरिंगचं क्षेत्रही टिपतात. १९५५ साली गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी यावर तोडगा काढला: दोन कॉइल शेजारी-शेजारी, वेढे एकमेकांच्या उलट आणि चुंबकाची टोकंही उलट. तारांचा सूर दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरची घूं घूं मात्र खोडली जाते. या रचनेला हंबकर म्हणतात. तिचीच कल्पना लहान जागेत बसवून, बहुधा एका कॉइलखाली दुसरी ठेवून, ‘नॉइजलेस’ सिंगल कॉइल बनतात. त्यांना बॅटरी लागत नाही.

ॲक्टिव्ह पिकअपमध्ये आणखी एक गोष्ट असते. कॉइलचे वेढे कमी, त्यामुळे सिग्नल क्षीण. तो वाढवायला आतच एक छोटा प्रीॲम्प बसवलेला असतो आणि तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. म्हणजे घूं घूं मुख्यतः कॉइलच्या रचनेमुळे खोडली जाते. प्रीॲम्पचा खरा फायदा हा की सिग्नल दमदार निघतो आणि लांब केबलमध्ये त्याची धार हरवत नाही. ईएमजी कंपनी १९७०च्या दशकापासून हेच करते आहे. मेटालिकाचे हेटफिल्ड आणि हॅमेट यांच्यामुळे तिचं नाव हेवी मेटलशी जोडलं गेलं, पण डेव्हिड गिल्मर यांच्या लाल स्ट्रॅटवरही ईएमजीच होते. २०१४ साली फिशमनने फ्लुएन्स मालिका आणली. तिच्यात तार गुंडाळायच्या ऐवजी सर्किट बोर्डच्या थरांवर कॉइल छापलेली असते, आणि एकाच पिकअपमधून खटका बदलून दोन वेगळे आवाज मिळतात.

आता खर्च. पुढचे आकडे मुंबई-पुण्यात अंदाजपत्रक आखण्यासाठी धरायचे आहेत. माल आयातीचा असल्यामुळे डॉलरबरोबर भाव हलतो, म्हणून घेण्याच्या दिवशी दोन ठिकाणी लेखी भाव मागा.

सगळ्यात स्वस्त काम शिल्डिंगचं. गिटारच्या पोकळीत आणि पिकगार्डच्या पाठीवर तांब्याची टेप लावून ती अर्थला जोडायची. टेपचा गोंदही वीजवाहक हवा, नाहीतर तुकडे एकमेकांना जोडलेले दिसतात पण प्रत्यक्षात सुटेच राहतात. मल्टिमीटर लावला की लगेच कळतं. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी केलीत तर टेपला ४०० ते ८०० रुपये आणि मजुरीला हजार ते दोन हजार धरा. चरचर यात बरीच जाते. ५० हर्ट्झची घूं घूं मात्र तांब्याला जुमानत नाही.

पुढची पायरी बॅटरीविना नॉइजलेस सेटची. फेंडर, डिमार्झिओ, सेमूर डंकन यांच्या तीन पिकअपच्या सेटला १५ ते २२ हजार धरा. व्हॉल्यूम-टोनचे जुने पॉट, स्विच, जॅक तसेच चालतात, त्यामुळे मजुरी हजार-दोन हजारांत आटोपते.

ॲक्टिव्ह सेटला मात्र नुसत्या मालाचे २२ ते ३५ हजार बाजूला काढावे लागतात. ईएमजी त्यातल्या खालच्या टोकाला, फ्लुएन्स वरच्या. डब्यात पिकअपबरोबर २५ किलोओहमचे पॉट, स्टिरिओ जॅक आणि बॅटरीची क्लिप येते. पॅसिव्ह सिंगल कॉइलसाठीचे २५० किलोओहमचे जुने पॉट यांच्याशी जमत नाहीत: व्हॉल्यूम हळूहळू कमी होण्याऐवजी एकदम पडतो. म्हणून ‘एकच ॲक्टिव्ह टाका, बाकी दोन राहू द्या’ हा काटकसरीचा बेत सोडून द्या.

खर्च वाढतो तो पिकगार्ड उघडल्यावर. स्ट्रॅटचे अकरा स्क्रू काढून पिकगार्ड उलटा केला की खाली दोन वायरी जॅककडे गेलेल्या दिसतात आणि एक मागच्या स्प्रिंगच्या पोकळीकडे, ब्रिजच्या अर्थसाठी. प्रश्न येतो बॅटरीचा. काही गिटारच्या पोकळीत ती पॉटच्या शेजारी बसते, काहींत पिकगार्ड परत बंदच होत नाही. मग लाकूड कोरून मागे बॅटरी बॉक्स बसवावा लागतो. त्याचे बॉक्ससकट दोन ते तीन हजार वेगळे, आणि एकदा कोरलेलं लाकूड परत येत नाही. स्वस्त गिटारमध्ये पॉटची भोकंही बारीक असतात, ती वाढवावी लागतात. नव्या ईएमजीच्या जोडण्या खटक्याने बसणाऱ्या आहेत, सोल्डरिंग जवळपास लागत नाही. तरी अशा फिटिंगला दोन ते साडेतीन हजार मजुरी रास्त समजावी. म्हणजे एकूण हिशेब २५ ते ४० हजारांत जातो.

बॅटरीचा खर्च लोक फुगवून सांगतात. ईएमजीचा एक पिकअप सुमारे ८० मायक्रोॲम्पिअर घेतो. तीन पिकअप आणि ५०० मिलिॲम्पिअर-तासाची अल्कलाइन बॅटरी धरली तर ती दोन हजार तासांच्या आसपास चालते. फ्लुएन्स जास्त खातो, तिथे काही शे तास धरा. त्याला चार्ज होणारा पॅकही मिळतो. पण केबल जॅकमध्ये घातली की बॅटरी चालू होते आणि काढली की बंद. सराव संपल्यावर केबल लावून ठेवलीत तर बॅटरी रात्रभर जळत राहते. तीस-चाळीस रुपयांचा साधा सेल लवकर उतरतो आणि गळून आतली क्लिप खाऊन टाकतो, अल्कलाइनच घ्या.

मग घ्यावेत की नाही? वीस हजारांच्या गिटारवर तीस हजारांचे पिकअप चढवायला मी सांगणार नाही. तेवढ्या पैशांत हंबकरची बरी गिटार येते. तुमचा जीव सिंगल कॉइलच्या गोड, काचेसारख्या आवाजात असेल आणि स्टेज महिन्यातून एखाद्या वेळीच मिळत असेल, तर शिल्डिंग करून बॅटरीविना सेट घ्या. जुन्या धाटणीचे फझ पेडल वापरणाऱ्यांनीही ॲक्टिव्हपासून लांब राहावं. फझ फेससारख्या पेडलचं त्यांच्याशी सूत जमत नाही. पण जो आठवड्याला दोन-तीन कार्यक्रम करतो, लांब केबलवर, भरपूर गेनवर, दर वेळी वेगळ्या मांडवातल्या विजेवर वाजवतो, त्याने हा खर्च जरूर करावा. त्याच्यासाठी तो कामाच्या अवजारावरचा खर्च आहे.

सेकंड हँड घेताना नाव नीट वाचा. ईएमजीचीच एचझेड मालिका दिसायला तशीच काळी, पण पॅसिव्ह असते. ती ‘ॲक्टिव्ह’ म्हणून विकली जाते. नकलाही भरपूर आहेत. निम्म्या किमतीत नवा सीलबंद सेट कुणी देत असेल तर घेऊ नका. परदेशातून मागवणार असाल तर कुरिअर दारात आल्यावर सीमाशुल्क आणि आयजीएसटी भरावा लागतो. मूळ किमतीवर आणखी तिसरा हिस्सा तरी हाताशी ठेवा, आणि वॉरंटी भारतात लागू आहे का ते आधी विचारा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. घूं घूं कमी व्हावी म्हणून ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढू नका, कुणी सुचवलं तरी. तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. तो अर्थ तुटलेला असेल आणि ॲम्पमध्ये दोष निघाला, तर हात तारांवर आणि ओठ माइकला अशा अवस्थेत गायकाच्या शरीरातून वीज जाते, त्यात जीव जाऊ शकतो. ईएमजीमध्ये ब्रिजची अर्थ वायर जोडावी लागत नाही म्हणून धोका कमी होतो, पण खराब अर्थिंगला तो पर्याय नाही. घरात सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पाचशे रुपयांच्या आत होणारं हे काम पिकअपच्या आधी करायचं आहे.

गिटार कारागिराकडे देताना माल, मजुरी आणि कोरीवकाम यांचा वेगवेगळा लेखी अंदाज घ्या आणि न विचारता लाकूड कोरायचं नाही असं त्यावरच लिहून घ्या. काढलेले जुने पिकअप, पॉट, जॅक आणि स्क्रू पिशवीत घालून परत मागा. गिटार विकायची वेळ आली तर मूळ सेटला किंमत येते. जीएसटीचं बिल घ्या. सेट खराब निघाला आणि दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे तक्रार करताना पहिल्यांदा बिलच मागतील.